मायला ऐकू न येणारा भोंगा

नगरपालिकेत नोकरी केली असं सांगितलं, की समोरचा माणूस ताबडतोब आपल्या दारच्या गटाराचं सांगायला लागतो. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी लग्नाच्या पंगतीत कुणी ना कुणी मला विझलेल्या दिव्याचा खांब ऐकवतोच. मी घास हातात धरून मुकाट्याने ऐकतो. पण पंगतीत कुणी बहात्तरच्या दुष्काळाचा विषय काढला, पेठेतल्या विहिरीचं नाव घेतलं, तर मी उठून हात धुवायला जातो. घरच्यांना वाटतं, म्हाताऱ्याला पचत नाही. तसं नाही. मला भीती वाटते. अजून वाटते.

आमचं गाव अंबाजोगाईच्या रस्त्यावरचं. नगरपालिका लहान, एका मजल्याची. मी तिथे कागदोपत्री आवक-जावक लिपिक होतो, म्हणजे आलेलं टपाल घ्यायचं आणि गेलेलं टपाल पाठवायचं. पण लहान नगरपालिकेत एका कामावर कुणाचं भागत नाही. सभेच्या दिवशी सतरंज्या अंथरणं माझ्याकडे, कोंडवाड्याची किल्ली माझ्याकडे, आणि भोंगाही माझ्याकडे.

बाहेरच्या माणसाला वाटतं, नगरपालिकेची सभा म्हणजे मोठा कारभार. मी पाहिल्या त्या सभा अशा: पुरेसे मेंबर जमल्याशिवाय सभा सुरू करता येत नाही, म्हणून एक मेंबर नेमके बाहेर ओट्यावर बसायचे आणि आपल्या गल्लीतल्या दिव्याचा विषय पहिला घेतो असं कबूल केल्याशिवाय आत पाऊल टाकायचे नाहीत. एकदा दुपारचा भोंगा बाराला वाजवावा की साडेबाराला, यावर चहाच्या दोन फेऱ्या झाल्या. साडेबारावाल्यांचं म्हणणं, बाराला भोंगा झाला की गडीमाणसं औत सोडून जेवायला बसतात. बारावाल्यांचं म्हणणं, माणसाला भूक भोंग्याने लागत नाही. शेवटी विषय पुढच्या सभेवर ढकलला. तो माझ्या निवृत्तीपर्यंत पुढच्याच सभेवर होता.

दुष्काळात तर कोंडवाड्याचीही तऱ्हा झाली. मोकाट जनावर पकडून आणायचं आणि धन्याने येऊन सोडवून न्यायचं, हा कोंडवाड्याचा रिवाज. पण कोंडलेल्या जनावराला नगरपालिकेने चारा घालावा असा नियम होता, आणि तो गावाला कळला. लोक आपणच आपली गुरं दारापाशी सोडून जायला लागले. एक मेंढपाळ म्हातारा तर मेंढीसोबत स्वतःच आत येऊन बसला. मी म्हटलं, "बाबा, मेंढी सोडवायला आलात का?" तो म्हणाला, "सोडवून नेऊ कुठं? राहू द्या की हितं. म्या बी राहतो." हसू आलं, पण पुरतं हसलो नाही. कारण चारा संपत आलाय हे मला माहीत होतं.

आता भोंगा. तो पाकिस्तानच्या युद्धाच्या वेळी जिल्ह्यावरून आला होता. लोखंडी तिवईवर बसवलेला, बाजूला दांडा, हाताने फिरवायचा. नगरपालिकेच्या माळवदावर, म्हणजे सपाट धाब्यावर, ठेवलेला. दांडा एका लयीत फिरवला की सरळ आवाज निघतो. जोरात-हळू, जोरात-हळू असा फिरवला की आवाज वर चढतो, पडतो, परत चढतो. पोलीस आणि मास्तर लोकांनी गल्लोगल्ली जाऊन शिकवलं होतं: चढउताराचा आवाज आला की विमान आलं समजा, हातातलं टाकून घर गाठा, चूल विझवा, कोपऱ्यात बसा, कानात बोटं घाला. सरळ आवाज आला की धोका टळला. आमच्या गावावर विमान काही आलं नाही. येऊन करणार तरी काय होतं? पण लोकांनी ते पाठ केलं.

युद्ध संपलं, भोंगा राहिला. सकाळ, दुपार, संध्याकाळ सरळ आवाज द्यायचा असं ठरलं. एकदा बाजाराच्या दिवशी माझ्या दंडाला गोळा आला, दांडा मंदावला, परत जोर केला, आणि आवाज हेलकावला. अर्धा बाजार बैलगाड्यांच्या खाली. एक मेंबर कणगीमागून निघाले. पुढच्या सभेत एकमताने ठराव झाला, की नगराध्यक्षांच्या हुकमाशिवाय चढउताराचा भोंगा वाजवणाऱ्याला नोकरीवरून कमी करण्यात येईल. मी तेव्हा कायम झालेलो नव्हतो. ठराव मीच वाचून दाखवला.

गावाची एक ठरलेली थट्टा होती: सगळं गाव दिगूच्या भोंग्यावर चालतं, पण दिगूच्या मायलाच तो ऐकू येत नाही. माझी माय ठार बहिरी. तरुणपणी तापात कान गेले. ओठ हलले की समजून घ्यायची, हातवारे करायची, आणि स्वतः मात्र खणखणीत बोलायची. शेजारची शेवंता तिला रोज खांदा हलवून सांगायची, की भोंगा झाला, चल.

कारण त्या उन्हाळ्यात भोंगा पाण्याचा झाला होता. गावातले सगळे आड आटले. नगरपालिकेने ट्रक लावला. धर्मापुरीकडच्या एका मळ्यातल्या विहिरीवरून ड्रम भरून पाणी आणायचं आणि पेठेतल्या आमच्या विहिरीत ओतायचं. ड्रममधून वाटून पाहिलं होतं, पण एका तोटीवर डोकी फुटली. विहिरीत ओतलं की चारी बाजूंच्या रहाटांवर एकदम ओढता येतं. विहिरीत तळाला गुडघाभर पाणी असायचं, त्यात जुने मासे आणि एक कासव. पाणी चांगलं राहावं म्हणून आमच्याकडे विहिरीत ते सोडतातच. ड्रम रिकामे झाले की रहीमभाई, आमचा पाणीवाला, काठीला बांधलेलं लाल फडकं हलवायचा. माळवदावरून विहीर समोर दिसायची. फडकं दिसलं की मी सरळ भोंगा द्यायचो, आणि गाव घागरी घेऊन पळत सुटायचं. वरून ते पाहताना मला रोज धास्ती वाटायची. विहिरीचा कठडा बुटका, मागून रेटा. रोज मनात यायचं, आज कुणीतरी आत जाणार.

घडलं ते वेगळंच.

आमचे नगराध्यक्ष बप्पा. अंगाने भारी, बोलायला फटकळ, आणि गावच्या शेतकरी सोसायटीचे चेअरमनही तेच. सोसायटी बी-बियाणं, खतं, कपाशीवर फवारायचं औषध द्यायची. नगरपालिकेचे ड्रम गळायला लागले होते, तेव्हा बप्पांनी खास बोलावलेल्या सभेत सांगितलं, "सोसायटीच्या गोदामात ड्रम पडलेत. कावून पडू द्यायचे? लोकायला पाणी पायजे." सगळ्यांनी बाकं वाजवली. मीही वाजवली. ड्रम गोदामातच धुऊन काढले आणि ट्रकवर चढले. कशाचे ड्रम, हे कुणी विचारलं नाही. पाण्यावाचून जीभ टाळ्याला चिकटलेली असताना असले प्रश्न सुचत नाहीत.

दुसऱ्याच दिवशी सकाळी मासिक सभा होती. मुख्याधिकारी बीडला कलेक्टरसाहेबांच्या बैठकीला गेलेले. खाली सभा भरलेली, वर मी. लाल फडकं हललं. मी सरळ भोंगा दिला, दांडा सोडला, घाम पुसला. गल्ल्यांमधून लोक निघायला लागले होते.

तेवढ्यात जिन्यावर धडधड झाली. रहीमभाई. विहिरीवरून इतका पळत आला होता की शब्द फुटत नव्हता. "दिगूभाई, मछल्यां उलट गये! सब के सब! कासव भी फिरतंय गोल गोल! मैं बोल्या लोकांना, थांबो, थांबो, कोन सुनतंय?" आणि त्याने हात माझ्यापुढे केले. हातांना वास येत होता. कपाशी फवारून आलेल्या गड्याच्या अंगाला येतो तो वास.

खोटं सांगत नाही, पहिल्यांदा मला गाव आठवलं नाही. आठवली माय.

आरडाओरड ऐकून बप्पा वर आले. मागे दोन मेंबर. "काय लावलंय बे? मासे उन्हानं मरतेत."

"बप्पासाहेब, हात हुंगा त्याचे."

बप्पांनी रहीमभाईचा हात धरला आणि नाकाशी नेला. बप्पांची स्वतःची कपाशी होती. तो वास त्यांना माझ्यापेक्षा जास्त ओळखीचा. त्यांचा चेहरा मी पाहिला. भर उन्हात माणूस राखेसारखा झाला. तरी तोंडातून निघालं ते सवयीचंच: "थांब. गडबड करू नको. लोक भेतील. आदी खाली सभेत घेऊ, दोन माणसं विहिरीवर धाडू..."

खाली पाहिलं. पहिली माणसं पेठेच्या तोंडाशी आली होती. दोन माणसांनी अडवायची ती गर्दी नव्हती. तहानलेल्या गावाला पाण्यापासून कोण अडवणार? ओरडून सांगितलं असतं तर पाणी संपायच्या आत पोचावं म्हणून ते अजून जोरात पळाले असते. रहीमभाईच्या "थांबो"चं तेच झालं होतं. मला ठराव आठवत होता, त्यातलं वाक्य न् वाक्य. मी बप्पांकडे पाहिलं. ते हो म्हणाले नाहीत. नाहीही म्हणाले नाहीत. रहीमभाई जिन्याशी खाली बसला आणि ओकायला लागला.

मी दांडा धरला. जोरात, हळू. जोरात, हळू.

तो आवाज अगदी माझ्या कानाशी होता. पेठेत सगळं क्षणभर थांबलं. माणसं आभाळाकडे पाहायला लागली. मग एका बाईने घागर टाकली. मग सगळ्यांनीच. हंडे, कळश्या, डबडी, जिथे होती तिथे पडली, आणि गाव उलटं फिरलं. पोरं काखेत, म्हातारी पाठीवर. दारं लागल्याचे आवाज भोंग्यातूनही ऐकू येत होते. माझ्या मागचे दोन मेंबर, भोंगा आपल्याच माळवदावर वाजतोय हे दिसत असतानाही, जिन्यावरून पळाले. खाली सभेत तर कुणी उरलंच नाही. विहीर मोकळी झाली. मला वाटलं, वाचलो.

आणि गर्दी ओसरली तसं एक हिरवं लुगडं दिसलं.

माय होती. सगळी माणसं तिच्या दोन्ही अंगांनी उलटी पळत होती आणि ती डोक्यावर घागर घेऊन सरळ विहिरीकडे चालली होती. शेवंताने तिचा हात ओढला, मी पाहिलं. मायने तो झटकला. तिला काय वाटलं असेल? गुरं उधळली असतील, मारामारी झाली असेल. काहीही असो, पाण्याला गर्दी नाही, एवढं तिला कळलं. ती झपझप चालली.

मी ओरडलो. कुणाला ओरडत होतो? तिला माझा गळाही ऐकू येत नाही आणि भोंगाही नाही. दांडा सोडून पळावं, तर आवाज थांबतो. आवाज थांबला की लोक समजणार टळलं, आणि परत पाण्याकडे धावणार. गल्लीच्या तोंडाशी काहीजण डोकावत होतेच, विमान कुठे दिसत नाही म्हणून. मी फिरवत राहिलो. फिरवता फिरवता रडत होतो.

मायने रहाटाला दोर टाकला. पहिली घागर भरली. मला तिची सवय माहीत होती. आपलं भरून झालं की बादलीत उरलेलं शेवटचं पाणी ती ओंजळीने प्यायची, तिथेच, कठड्याशी उकिडवी बसून. आता ती बसणार, असं वाटलं. पण ती बसली नाही. तिने आजूबाजूला पडलेली भांडी पाहिली. जवळचा एक हंडा उचलून सरळ केला. शेवंताचा असावा. आणि परत दोर टाकला.

माझ्या बहिऱ्या मायला गावाने उन्हाळाभर खांदा हलवून पाणी दाखवलं होतं. आज पाणी होतं आणि गाव नव्हतं, म्हणून ती गावाची भांडी भरायला लागली. एक भरायची, बाजूला ठेवायची, दुसरं उचलायची. जवळचं एखादं भांडं मोकळं आहे तोवर ती पिणार नव्हती. ती भांडी संपत चालली होती, आणि तिचा हात मंदावत होता.

खांद्यावर हात पडला. बप्पा. त्यांनी मला बाजूला सारलं आणि दांडा धरला.

"जाय बे. तुजी माय हाय ती. म्या फिरवतो."

मी जिना कसा उतरलो, आठवत नाही. रस्त्यात माझ्या चपला गेल्या. वरून भोंगा ओरडत होता, बप्पांच्या हाताने, वेडावाकडा, पण चढत-पडत होता. दोन्ही बाजूंच्या बंद दारांमधून मी एकटा विहिरीकडे पळत होतो आणि दारांच्या फटीतून लोक मला पाहत असणार.

पोचलो तेव्हा ती कठड्याशी उकिडवी बसली होती. बादली तिरकी, ओंजळ भरलेली, ओंजळ तोंडाकडे निघालेली. मी तिच्या हातावर फटका मारला. पाणी मातीत गेलं.

तिने वर पाहिलं. पुढच्या क्षणी माझ्या कानाखाली तिची पाचही बोटं लाल उमटली.

मी भरलेले हंडे लाथाडायला लागलो. एक, दुसरा, तिसरा. त्या वर्षी पाणी सांडणं म्हणजे काय, हे आजच्या माणसाला समजावता येणार नाही. माय माझ्या पाठीवर दोराने मारत होती. "कावून सांडतो रं पाणी? याड लागलं का तुला? लोकायचं हाय ते! लोकायचं पाणी हाय, मुडद्या!" मी शेवटचं भांडं आडवं केलं, तिला दंडाला धरून कठड्यापाशी ओढलं आणि खाली बोट दाखवलं.

पाण्यावर मासे पांढरे पोट वर करून तरंगत होते. कासव एका कडेला, मान बाहेर टाकून.

तिने वाकून पाहिलं. मग तिने आपला हात नाकाशी नेला. हुंगला. खाली बसून मूठभर माती घेतली आणि दोन्ही हात त्या मातीने घासायला लागली, घासतच राहिली. मी तिच्या तोंडाकडे बोट करून विचारलं, प्यालीस का? तिने मान हलवली. नाही. मी परत विचारलं. तिने परत सांगितलं. तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा तिने माझं तोंड आपल्या पदराने पुसलं. मला कळलंच नव्हतं की मी ओक्साबोक्शी रडतोय.

मग ती उठून कठड्यावर बसली. "जाय तू तुज्या भोंग्याकडं. मला न्हाई ऐकू येत त्यो. पर म्या हितं बसले. कुणाला शिवू देत न्हाई."

भोंगा थांबल्यावर लोक आले, तेव्हा त्यांना अडवलं ते तिने. हातात रहाटाचा दोर घेऊन. शिव्या देणाऱ्यांना ती कठड्याशी ओढायची आणि खाली बोट दाखवायची. बप्पा आले, गर्दीत उभे राहिले. ड्रम कुणाचे, हे ते बोलले नाहीत, आणि मीही बोललो नाही. पण त्याच दुपारी ट्रक त्यांच्या स्वतःच्या मळ्याकडे गेला आणि त्यांच्या विहिरीतलं उरलंसुरलं पाणी गावात आलं. या वेळी नगरपालिकेच्या गळक्या ड्रममधून. रहीमभाईला अंबाजोगाईच्या दवाखान्यात नेलं. वाचला. पण त्याने परत ड्रमला हात लावला नाही, शेवटपर्यंत बैलगाडी हाकली. आमची विहीर उपसून सगळं पाणी गावाबाहेर खड्ड्यात घातलं. उपसणारे गडी रडत होते.

पुढच्या सभेत, भोंगा फिरवून भरून आलेला बप्पांचा उजवा हात वर होत नव्हता. ठरावाला त्यांनी डावा हात उचलला. माझी नोकरी गेली नाही, माझा विषय कुणी काढलाच नाही. पण भोंग्याचं काम मात्र संपलं. पाणी आलं म्हणून मी सरळ भोंगा दिला, की लोक दारं लावून घ्यायचे. सरळ काय आणि हेलकावणारा काय, कुणी ऐकून ठरवायला थांबायचं नाही. शेवटी घरोघर माणूस पाठवून पाणी सांगावं लागलं, आणि सगळ्या गावाला, जसं मायला, खांदा हलवून.

माय त्या दिवसापासून वास घेतल्याशिवाय पाणी प्याली नाही. पुढे नळ आले, पाऊस चांगले झाले, तरी पेला आधी नाकाशी जायचा. तिच्या शेवटच्या आजारपणात तिचं नाकही गेलं होतं, हातही उचलत नव्हता. मी चमच्याने पाणी ओठांशी नेलं. तिने तोंड मिटून घेतलं आणि डोळ्यांनी मला खूण केली. मी तो चमचा माझ्या नाकाशी नेला, हुंगला, आणि मान डोलावली. मग तिने तोंड उघडलं.